पांढरा गंज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



आजच्या भाषणाची सुरुवात मी स्वयंपाकघरातून करणार आहे. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये तळाला नुसते पाणी घालून वर भात-वरणाचे डबे ठेवले, तर चार-आठ दिवसांत कुकर आतून काळा पडतो. म्हणून आपल्याकडच्या बायका त्या पाण्यात पिळून झालेल्या लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकतात. माझी आईही टाकत असे. 'असं का करतेस?' असे विचारले की 'कुकर काळा होत नाही' एवढेच तिचे उत्तर. पुढे तीसएक वर्षे मी धातूंच्या गंजण्याचा अभ्यास करण्यात घालवली, आणि आई रोज सकाळी जे करत होती तो आमच्या विषयातला एक नेटका प्रयोग होता, हे बऱ्याच उशिरा माझ्या ध्यानात आले.

ॲल्युमिनियमला आपल्या जुन्या पिढीने 'जर्मन' असे नाव दिले होते. जर्मनचे पातेले, जर्मनची कढई. तांब्या-पितळेपेक्षा हलके, स्वस्त, कल्हईची कटकट नाही आणि मुख्य म्हणजे गंजत नाही, असा त्याचा लौकिक. हा लौकिक अर्धाच खरा आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ॲल्युमिनियम हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक उतावळा धातू आहे. प्राणवायू दिसला की त्याच्याशी संयोग पावायला तो टपलेलाच असतो. खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तुम्ही चाकूने ओरखडा काढलात, तर उघडी पडलेली चकचकीत रेघ डोळ्याचे पाते लवायच्या आत गंजते. फक्त तो गंज आपल्याला दिसत नाही.

लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, पापुद्रे धरून गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे करतो. ॲल्युमिनियमच्या गंजाची गोष्ट उलटी आहे. तो घट्ट बसतो, सलग पसरतो आणि दोन-चार नॅनोमीटर जाडीचा झाला की स्वतःच थांबतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर धरली, तर हा थर किती पातळ असेल याचा अंदाज येईल. एवढ्या पातळ थराच्या भरवशावर आपली विमाने उडतात, विजेच्या तारा डोक्यावरून जातात आणि दूध तापते.

हा थर तटस्थ पाण्यात आणि हवेत टिकतो. पाणी फार आंबट किंवा फार अल्कधर्मी झाले, तर विरघळतो. सामूच्या भाषेत बोलायचे तर साधारण चार ते साडेआठ या पट्ट्यात तो सुरक्षित असतो. म्हणून जर्मनच्या भांड्यात ताक किंवा सोलकढी ठेवू नये, आणि ते भांडे धुण्याच्या सोड्याने घासू नये. सोड्याने भांडे क्षणभर लखलखीत दिसते खरे. पण ते लखलखणे म्हणजे संरक्षक थर निघून जाऊन आतला धातू खाल्ला जात असल्याची खूण असते. कुकरचे काळेपण हा याच्या मधला प्रकार. उकळत्या पाण्यात तो थर जाड होतो, पाण्यातले आणि धातूतले लोहासारखे सूक्ष्म अंश त्यात अडकतात आणि प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परावर्तित झाल्यामुळे तो काळपट दिसतो. लिंबाची फोड पाणी किंचित आंबट ठेवते आणि हे साठणे होऊ देत नाही. कुकर काळा झाला म्हणून अन्नात विष उतरते असे काही नाही. पण लिंबाच्या सालीऐवजी अख्खे लिंबू पिळून दुप्पट चकाकी येईल, असेही कुणी समजू नये.

ताज्या सिमेंटचा सामू बाराच्या वर असतो. त्यामुळे गिलावा ओला असताना ॲल्युमिनियमची चौकट भिंतीत बसवली आणि सिमेंटचे शिंतोडे वेळीच पुसले नाहीत, तर तिथे कायमचे पांढरे डाग पडतात. नंतर कितीही घासले तरी ते जात नाहीत.

आणि आता मिठाकडे येतो. आमच्या विषयातला खरा खलनायक आंबट किंवा अल्कधर्मी पाणी हा नाही, तर मीठ हा आहे.

मी राहतो त्या रत्नागिरीतल्या इमारतीच्या खिडक्यांतून समुद्र दिसतो. काही वर्षांपूर्वी सोसायटीने जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. काम करणाऱ्याने 'पन्नास वर्षं बघायला नको' असे सांगितले होते. तिसरा पावसाळा संपला आणि शेजारचा तरुण मला हाताला धरून त्याच्या घरी घेऊन गेला. "काका, ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणाले होते ना? मग हे काय?" खालच्या पट्टीत, स्क्रूंच्या भोवती, पांढरी भुकटी साठली होती. भुकटी नखाने खरवडली, तर खाली टाचणीच्या टोकाएवढी भोके. दोन ठिकाणी तर भोक आरपार. बाकीची पट्टी मात्र नव्यासारखी.

'बाकीची पट्टी नव्यासारखी' या वाक्यात ॲल्युमिनियमच्या गंजण्याचे सगळे मर्म आहे. लोखंडी कठडा गंजतो तो सगळीकडून, राजरोस. रंगच बदलतो, त्यामुळे आपण वेळीच सावध होतो. ॲल्युमिनियम चोरासारखे एका जागी पोखरले जाते. मिठातले क्लोराइड त्या पातळ थरातली एखादी कच्ची जागा हेरते. तिथे छिद्र पडले की आतला धातू विरघळू लागतो. विरघळलेल्या धातूची पाण्याशी क्रिया होऊन छिद्राच्या आतले पाणी आम्लधर्मी बनते. बाहेरचे आणखी क्लोराइड आत ओढले जाते. आम्ल आणि क्लोराइड यांच्यामुळे थर पुन्हा धरूच शकत नाही. म्हणजे एकदा खड्डा पडला की तो स्वतःच स्वतःला खणत जातो. तोंडावर पांढऱ्या भुकटीचे बूच बसते आणि आत काय चालले आहे ते कळत नाही.

याला विद्युत-रासायनिक क्रिया का म्हणतात, तेही सांगतो. गंजणारी प्रत्येक वस्तू ही एक छोटी बॅटरी असते. एका जागी धातू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. दुसऱ्या जागी तेच इलेक्ट्रॉन हवेतला प्राणवायू घेतो. मध्ये ओल हवी आणि दोन्ही जागा धातूने जोडलेल्या हव्यात. घरी पाहायचे असेल तर स्टीलच्या डब्यात लोणचे भरा आणि त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल अशी घट्ट लावा की ती लोणच्यालाही टेकेल आणि डब्याच्या काठालाही. एक-दोन दिवसांत फॉइलला बारीक भोके पडलेली दिसतील. फॉइल वाईट नव्हती. तुम्ही नकळत बॅटरी तयार केलीत आणि तिच्यात झिजणारी बाजू ॲल्युमिनियमची ठरली. आमच्या खिडकीतही हेच घडले होते. स्क्रू साध्या लोखंडाचे, वर जस्ताचा पातळ मुलामा. खाऱ्या वाऱ्याने आधी तो मुलामा संपला आणि मग लोखंडाच्या वाटणीचे झिजणे ॲल्युमिनियमच्या वाट्याला आले.

गंजणे ही वीज असेल, तर ती मोजता आली पाहिजे. प्रयोगशाळेत आम्ही तेच करतो. धातूचा नाण्याएवढा तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवायचा, शेजारी स्थिर विभव असणारे एक संदर्भ अग्र आणि प्लॅटिनमचे किंवा ग्रॅफाइटचे तिसरे अग्र ठेवायचे. पोटेन्शिओस्टॅट नावाचे यंत्र तुकड्याचे विभव हळूहळू वाढवत नेते आणि प्रवाह किती वाहतो ते टिपते. बराच वेळ प्रवाह नगण्य असतो, कारण थर शाबूत आहे. मग एका ठरावीक विभवाला प्रवाह एकदम उसळी घेतो. तिथे थर फुटला, खड्डे सुरू झाले. दोन मिश्रधातूंपैकी समुद्राकाठी कोणता टिकेल, याचा अंदाज वर्षानुवर्षे वाट न पाहता एका दुपारी बांधता येतो. मोजला जाणारा प्रवाह असतो दर चौरस सेंटिमीटरला एखादा मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. एवढा प्रवाह ॲल्युमिनियममधून सतत वाहत राहिला, तर वर्षाला सुमारे ११ मायक्रोमीटर धातू झिजतो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः नवशिका असताना अडकलो होतो. खिडकीची पट्टी सव्वा मिलिमीटर जाड आहे. वर्षाला ११ मायक्रोमीटर या हिशेबाने ती शंभराहून अधिक वर्षे टिकायला हवी. हा हिशेब मी मोठ्या आत्मविश्वासाने एका वरिष्ठांना दाखवला. ते म्हणाले, "आणि हा सगळा प्रवाह शंभरातल्या एकाच भागातून गेला तर?" मी पुन्हा आकडेमोड केली. त्या एका भागात झिजण्याचा वेग शंभरपट, म्हणजे वर्षाला १.१ मिलिमीटर. पट्टीला सव्वा वर्षाच्या आत भोक. लोखंडाच्या बाबतीत सरासरी बऱ्यापैकी खरे बोलते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ती बेधडक खोटे बोलते.

आता विमानांकडे वळू, कारण या खोट्या सरासरीची किंमत तिथे माणसांनी चुकवलेली आहे.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. विमान त्याचे करता येत नाही. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला १९०६ च्या सुमारास असे आढळले, की ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ते तापवून पाण्यात विझवले आणि नुसते ठेवून दिले, तर पुढच्या काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. विझवलेल्या दिवशी मोजलेली कठीणता आणि दोन दिवसांनी मोजलेली कठीणता यांत मोठा फरक पडला होता. असे का होते हे त्याला ठाऊक नव्हते. धातूच्या आत तांब्याचे अणू एकत्र येऊन सूक्ष्म पुंजके तयार होतात, हे गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले. विल्मच्या मिश्रधातूला ड्युरॅल्युमिन असे नाव पडले. झेपेलिन विमाननौका त्याच्या सांगाड्यावर उभ्या राहिल्या आणि पुढे प्रवासी विमानांची कातडी त्याच्या भाऊबंदांपासून बनू लागली.

पण ज्या तांब्याने बळ दिले, त्यानेच रोगही दिला. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले असणे म्हणजे मघाची लोणच्याची बॅटरीच, फक्त धातूच्या पोटात आणि लाखोंच्या संख्येने. विमानात पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे मिळून बनलेले कण असतात. सूक्ष्मदर्शकाखाली या कणांचे वर्तन पाहणे मोठे उद्बोधक असते. मिठाचे पाणी लागले की आधी कणातले मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम निघून जाते. मागे तांब्याची जाळी उरते, स्पंजासारखी. सुरुवातीला स्वतः झिजणारा कण आता भूमिका बदलतो आणि भोवतालच्या धातूला झिजवू लागतो. त्या जाळीतले थोडे तांबे सुटून आसपास पुन्हा बसते आणि नवी ठाणी उघडते.

यावर १९२० च्या दशकात अमेरिकेत एक युक्ती काढण्यात आली. बळकट पण रोगट मिश्रधातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून चिकटवायचा. याला आल्क्लॅड म्हणतात. हा शुद्ध थर खाऱ्या हवेत सहजी पोखरला जात नाही, आणि ओरखडा पडून आतला धातू उघडा पडलाच, तर वरचा थर आधी झिजून आतल्याला वाचवतो. मात्र पत्रा जिथे कापला जातो, रिव्हेटसाठी जिथे भोक पाडले जाते, तिथे मिश्रधातूची कडा उघडी पडते. आजारपण कडेपासून आणि सांध्यापासून सुरू होते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे एक बोईंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. १९६९ साली बनलेले, १९ वर्षांचे विमान. बेटाबेटांमधले पल्ले छोटे, त्यामुळे त्याची ८९ हजारांहून अधिक उड्डाणे झाली होती. प्रत्येक उड्डाणात विमानाचे शरीर आतल्या हवेच्या दाबाने फुगते आणि उतरताना पुन्हा सैल पडते. भोवती बारा महिने समुद्राची हवा. २४ हजार फुटांवर असताना वैमानिकाच्या कक्षामागचे छप्पर सुमारे १८ फूट लांबीचे अखंड उडून गेले. प्रवासी उघड्या आकाशाखाली, पट्ट्यांनी खुर्च्यांना बांधलेले. उभी असलेली एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली. तिचा देह कधीच मिळाला नाही. बाकी ९४ जणांना घेऊन वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरवले. ६५ जण जखमी झाले. ज्यांनी त्या उतरलेल्या विमानाचे छायाचित्र पाहिले असेल, त्यांना ते विसरता येणार नाही.

चौकशीत निघालेले कारण असे. त्या विमानाच्या कातडीचे पत्रे, साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचे, एकमेकांवर चढवून गोंदाने चिकटवलेले आणि वरून रिव्हेटच्या तीन ओळींनी पक्के केलेले होते. ताण गोंदाने घ्यावा, असा आराखडा होता. काही ठिकाणी गोंद सुटला, फटीत ओल शिरली, आत गंज धरला. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट अधिक जागा घेतो. दोन पत्र्यांमध्ये कोंडल्यावर तो त्यांना पाचरीसारखा फाकवतो. मग सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर आला. भोकांच्या कडा आधीच सुरीच्या पात्यासारख्या पातळ. तिथे एकेका भोकापासून बारीक तडे निघाले आणि एके दिवशी एकमेकांना भेटले. त्या विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला तडा दिसलाही होता. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य ठपका ठेवला तो देखभालीवर. सुटलेला गोंद आणि तडे तपासणीत सापडायला हवे होते, ते सापडले नाहीत. १९९१ मध्ये तिथे वयस्क विमानांच्या तपासणीसाठी वेगळा कायदा झाला. तोवर 'किती तास उडाले' हा प्रश्न प्रामुख्याने विचारला जाई. 'कुठल्या हवेत उडाले आणि सांध्याच्या आत काय आहे' हा प्रश्नही तेवढाच मोठा आहे, ही जाणीव त्यानंतर पक्की झाली.

सांध्याच्या आत डोकावायचे कसे? एक मार्ग पुन्हा विजेचाच आहे. लेप दिलेल्या पत्र्याला अगदी नाममात्र, सुमारे दहा मिलिव्होल्टचा आलटता विद्युतदाब द्यायचा आणि त्याची वारंवारता सेकंदाला लाखभर आवर्तनांपासून अगदी मंद, शंभर सेकंदांना एक आवर्तन इतकी कमी करत न्यायची. चांगला रंग विजेला जवळजवळ अभेद्य असतो. रंगाखाली पाणी शिरू लागले की हा अडथळा हजारपट खाली येतो, आणि तोही डोळ्यांना फुगवटा दिसण्याच्या कितीतरी आधी. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ना, तसेच हे. पत्र्याला इजा न करता त्याच्या पोटातले ऐकायचे.

आता लेपांविषयी. लेप म्हणजे आपल्याकडे पहिल्यांदा आठवते ती कल्हई. भाता, नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या पातेल्यात फिरणारा कापसाचा बोळा आणि त्यामागून पसरत जाणारे चांदीसारखे कथील. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आजीला माहीत होते. नवसागर कशाला, तर धातूवरचा जुना ऑक्साइडचा थर काढून टाकायला. तो निघाल्याशिवाय कथील धरतच नाही. पृष्ठभाग आधी निर्मळ करायचा आणि मग लेप द्यायचा, हे सूत्र कल्हईवाल्यापासून विमानाच्या कारखान्यापर्यंत एकच आहे. चांगल्या रंगाखाली हलगर्जीपणे पुसलेला पत्रा असेल, तर तो रंग दोन पावसाळेही काढत नाही.

कल्हई ही भिंत आहे. जस्ताच्या लेपाची जात वेगळी; तो पहारेकरी आहे, मालकाऐवजी स्वतः वार झेलणारा. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळे जे शेवाळ आणि शिंपले दूर राहत, ते आता खुशाल चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. आरमाराने तो उपाय सोडून दिला. मात्र तत्त्व टिकले, आणि आज मिरकरवाड्याच्या बंदरात ओढून ठेवलेल्या मच्छीमार बोटींच्या पंख्याजवळ तुम्हाला जस्ताचा ठोकळा बांधलेला दिसेल.

तिथल्या एका तांडेलाने मला विचारले होते, "सर, ह्यो ठोकळा दरवर्षी खाऊन जातो. माल हलका देतात काय?" मी म्हटले, "तो खाल्ला जातोय म्हणजे काम करतोय." त्याचा विश्वास बसला नसावा. पुढच्या हंगामात त्याने बोटीला रंग काढताना ठोकळ्यालाही दोन हात रंगाचे दिले, जास्त टिकावा म्हणून. ठोकळा खरेच टिकला, जसाच्या तसा. पंख्याचा दांडा मात्र खड्ड्याखड्ड्यांनी भरून गेला. आता तो इतर तांडेलांना माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगतो.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत सर्वांत हुशार लेप म्हणजे त्याचाच थर जाड करणे. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी समुद्रविमानांच्या भागांसाठी ही पद्धत शोधली. ॲल्युमिनियमला आम्लात बुडवून बॅटरीच्या धन टोकाशी जोडायचे. एरवी दोन-चार नॅनोमीटरवर थांबणारा थर मग हजारो पटींनी वाढतो. याला ॲनोडायझिंग म्हणतात. थरात मधमाशांच्या पोळ्यासारखी उभी सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग भरता येतो आणि शेवटी उकळत्या पाण्यात ठेवून ती मिटवतात. हे मिटवणे नीट झाले नाही, तर बाकी सगळे वाया. आमच्या खिडक्यांचा थर मी मोजून पाहिला, तेव्हा तो जेमतेम पाच-सहा मायक्रोमीटर भरला. समुद्राकाठी तो २० ते २५ असायला हवा. सोनेरी रंग मात्र झकास होता.

लेपांच्या या कथेत एक काळा अध्याय आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. गेल्या शतकातला बराच काळ ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्यावरचा सर्वोत्तम लेप क्रोमेटचा होता. विमानांच्या आतल्या भागाला जो पिवळा-हिरवट रंग दिसे, नटबोल्टवर जी सोनेरी, इंद्रधनुषी झाक दिसे, ती क्रोमेटची. त्याचा गुण अद्भुत होता. ओरखडा पडला की लेपात साठलेले क्रोमेट ओलाव्यात सुटून ओरखड्यापर्यंत जाई आणि तिथे नवा थर तयार करी. जखम स्वतः भरून काढणारी कातडीच ती.

पण हे षट्संयुजी क्रोमियम माणसाच्या फुफ्फुसात गेले तर कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. मी एका मुलाम्याच्या छोट्या कारखान्यात गेलो होतो, तिथे नारिंगी द्रावणाच्या टाकीवर काम करणाऱ्या माणसाच्या बोटांवर गोल, खोल, बुजत नसलेले व्रण होते. त्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडले होते. तो हसत म्हणाला, "साहेब, दुखत नाही." दुखत नाही हेच वाईट. आम्ही प्रयोगशाळेत पत्र्यावरच्या टाचणीएवढ्या भोकांची खोली मायक्रोमीटरमध्ये मोजत होतो, आणि ते भोक पडू नये म्हणून जे रसायन वापरायचे, त्याने माणसाच्या नाकाला भोक पडत होते. त्या दिवसानंतर क्रोमेटच्या लेपाचे आलेख पाहताना मला पूर्वीसारखा आनंद कधी झाला नाही. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावी शीतक मनोऱ्यांत गंज रोखण्यासाठी वापरलेले हेच क्रोमियम भूजलात उतरले होते. १९९६ मध्ये तिथल्या रहिवाशांना ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड झाली. ज्युलिया रॉबर्ट्सचा २००० सालचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल, तो याच प्रकरणावरचा.

युरोपने सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापराला आगाऊ परवान्याची अट घातली. पर्याय आहेत. त्रिसंयुजी क्रोमियम पुष्कळच सौम्य आहे. झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या संयुगांचे लेप आहेत. सिरियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंवर ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकापासून काम झाले. अलीकडे लिथियमचे क्षार मिसळलेले रंग आले आहेत. यांतले काही भिंत म्हणून उत्तम आहेत, पण जखम भरून काढण्यात क्रोमेटची बरोबरी करणे कठीण जाते, आणि विमानासारख्या ठिकाणी संशोधक तिथेच अडतात. नटबोल्टसाठी, खिडक्यांसाठी, स्कूटरच्या भागांसाठी मात्र ते पुरेसे आहेत. तिथे सोनेरी झाक हवी म्हणून कुणाच्या बोटांवर व्रण पडावेत, याला आता काही सबब उरलेली नाही, असे माझे मत आहे.

जाता जाता विजेच्या तारांविषयी, कारण यात आग लागण्याचा प्रश्न आहे. खांबावरून येणारी तार ॲल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची. या दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. ॲल्युमिनियमवरचा तो पातळ थर विजेला विरोध करतो, ओल आली की तांबे ॲल्युमिनियमला खाते, जोड तापतो, सैल होतो, आणखी तापतो. वायरमनकडून तिथे दोन धातूंचा मिळून बनवलेला लग लावून घ्यावा.

आमच्या खिडक्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. भोके पडलेल्या पट्ट्या बदलल्या. नव्या पट्ट्यांचा थर बसवण्याआधी मोजून घेतला, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे लावले आणि त्यांच्याखाली नायलॉनच्या चकत्या घातल्या, म्हणजे दोन धातूंची गाठच पडू नये. पाणी वाहून जाण्याची बुजलेली भोके मोकळी केली. आणि दर महिन्याला चौकटीवरचे मीठ साध्या पाण्याने धुऊन टाकावे, असे मी सुचवले. सोसायटीच्या बैठकीत पहिल्या चार गोष्टी पाच मिनिटांत मंजूर झाल्या. धुवायचे कुणी, यावर चर्चा अजून चालू आहे.